एकजातीय विमानें : लाभ आणि संकट

विमानाचें तिकीट काढतांना आपण भाडें पाहतों, वेळ पाहतों. विमान कोणत्या जातीचें आहे, हें बहुधा पाहत नाहीं. परंतु विमानकंपन्यांच्या चढाओढींत कोण तरेल व कोण बुडेल, हें पुष्कळ अंशीं त्या निवडीवरच ठरतें.

इंडिगो कंपनीचें पहिलें विमान २००६ सालीं उडालें. पण त्याच्या आदल्या वर्षींच तिनें एअरबस ए-३२० या एकाच कुळांतील १०० विमानें मागविलीं होतीं. यांतील मर्म असें कीं, प्रत्येक जातीच्या विमानासाठीं वैमानिकाला निराळें शिक्षण व निराळा परवाना लागतो. विमानें एकजातीय असलीं म्हणजे एका वैमानिकाच्या जागीं दुसरा सहज पाठवितां येतो. सुट्या भागांचें एकच कोठार पुरतें. यंत्रज्ञांनीं एकदां शिकलेली विद्या सर्वत्र उपयोगीं पडते. शिवाय घाऊक गिऱ्हाइकाला किंमतींतहि सूट मिळते. अशा रीतीनें वांचलेल्या पैशामुळें भाडें उतरवितां येतें. याउलट २००५ सालीं निघालेल्या किंगफिशर कंपनीनें ए-३२०, लहान एटीआर व दूरच्या प्रवासाचें ए-३३० असा त्रिविध संसार मांडला. ती २०१२ सालीं बंद पडली, त्याला कर्जादि इतर कारणेंहि होतीं. पण या संसाराचा भार कांहीं हलका नव्हता.

मग एकजातीयता हाच विजयाचा मंत्र म्हणावा काय? गो फर्स्टची कथा तसें म्हणूं देत नाहीं. तिचींहि सर्व विमानें ए-३२० कुळांतील होतीं. तिनें व इंडिगोनें इंधनाची बचत करणारीं प्रॅट अँड व्हिटनीचीं नवीं इंजिनें घेतलीं. तीं वारंवार दुरुस्तीस उतरवावीं लागलीं आणि बदली इंजिनें मिळेनात. निम्मीं विमानें त्यामुळेंच जमिनीवर बसलीं, असें सांगून मे २०२३ मध्यें गो फर्स्टनें उड्डाणें थांबविलीं व दिवाळखोरीचा अर्ज केला. इंजिनकर्त्यांनीं हा आरोप अमान्य केला.

इंडिगोचींहि अनेक विमानें अडकलीं. तरी ती तगली. तिचा ताफा मोठा होता, हें एक कारण. दुसरें असें कीं, २०१९ सालींच तिनें २८० विमानांसाठीं सीएफएम या दुसऱ्या कारखान्याचीं इंजिनें मागविलीं होतीं. विमानाचें कूळ तेंच, परंतु इंजिन निराळें. एकाच विहिरीवर विसंबलेल्या गांवानें शेजारीं दुसरी विहीर खणावी, तसें हें झालें.

या हिशेबाशीं प्रवाशाचा संबंध नाहीं, असें कोणी समजूं नये. गो फर्स्ट थांबल्यावर तिच्या मार्गांवरील भाडीं इतकीं चढलीं कीं, जून २०२३ मध्यें केंद्र सरकारला इतर कंपन्यांपाशीं चिंता व्यक्त करावी लागली. एक स्पर्धक नाहींसा झाला कीं उरलेल्यांचे दर चढतात. सारांश, एकजातीयतेनें खर्च वांचतो. पण ती एकाच कारखान्याच्या हातीं आपलें दैव सोंपविण्यापर्यंत गेली, तर त्याच काटकसरीचें मोल शेवटीं प्रवाशाला चुकवावें लागतें.