कपाशीच्या मुलखातली गोधडी

दिवाळीनंतर घराच्या आढ्यापर्यंत कापूस भरलेला, आणि अंथरुणात मात्र त्याचं बोंडही नाही, अशी खानदेशातल्या शेतकऱ्याची पूर्वीची रीत. कापूस म्हणजे रोकड. तो गाडीत भरून जिनिंगला जायचा. सावकाराचं देणं, मुलीचं लग्न, पुढच्या सालाचं बियाणं, सगळं त्याच्यावर. पिंजारी बोलावून रुईची गादी भरून घ्यायची ती ऐपतदारांनी. बाकीच्या घरांत कापूस अंथरुणापर्यंत पोचायचा तो फार लांबून. सूत होऊन, लुगडं-धोतर होऊन, अंगावर वर्षानुवर्षं झिजून.

१९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. आजचे जळगाव आणि धुळे ते हेच. (नंदुरबार धुळ्यातून वेगळा झाला तो १९९८ साली.) त्या काळात जळगावात खानदेश मिल होती, अमळनेरात प्रताप मिल चालायची, धुळ्या-चाळीसगावातही गिरण्यांचे भोंगे वाजत. जिथला कापूस तिथलंच सूत आणि कापडही पुष्कळसं आसपासचंच. ते जाडंभरडं असेल, पण निव्वळ सुती. गोधडीची खरी सुरुवात या कापडापासून होते, सुई हातात घेण्याच्या कितीतरी आधी.

लुगडं विरतं ते आधी बसायच्या जागी आणि गुडघ्यांवर. काठ आणि पदर शाबूत राहतात. मग मधला विरलेला तुकडा काढून दोन्ही टोकं जोडायची. याला दंड घालणं म्हणत. दंडाचं लुगडं शेतात-घरात आणखी काही दिवस चालायचं. तेही फसायला लागलं की गोधडीच्या गाठोड्यात. नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येकी पावणेसात फुटांचा, म्हणजे माणसाच्या लांबीला पुरून उरणारा. चार थरांची एकेरी गोधडी एका लुगड्यात बसते. दोघांची हवी तर पन्ह्याला पन्हा जोडायचा, मग दोनच थर निघतात आणि आतल्या भरीला धोतरं, सदरे, पोरांची झबली लागतात. शाळा न शिकलेल्या बायका हा हिशेब वितीने आणि हाताने करत, आणि तो चुकत नसे.

गोधडी घालायची ती उन्हाळ्यात. शेतकाम उरकलेलं असतं, दुपार लांबलचक असते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींचे हात मदतीला असतात. सदऱ्यांच्या शिवणी उसवून ठेवायच्या, गुंड्या काढून डब्यात टाकायच्या. सारवलेल्या ओट्यावर आधी खालचं अस्तर अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, जे जड सापडेल ते ठेवायचं. त्यावर भर. इथे खरं कसब. जिथे कापड विरलं असेल तिथे दुसरा तुकडा, पण तुकड्यावर तुकडा असा चढवायचा नाही की पाठीला उंचवटा लागेल. हात फिरवत फिरवत बघायचं. मग वरचं चांगलं लुगडं ताणून घालायचं आणि लांब लांब टाके टाचून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे.

मग धावदोरा. दुपदरी दोरा मेणावर ओढून घ्यायचा आणि कडेने सुरुवात करून चारी बाजूंनी आत आत जायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. उजव्या हातात सुई आणि डावा हात गोधडीच्या खाली, कारण सुई सगळ्या थरांतून पार झाली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, खालच्या बोटाला टोचून कळतं. चार-पाच टाके सुईवर गोळा करायचे आणि एकदमच दोरा खेचायचा. फार खेचला तर कापड चुण्या घेतं, ढिला सोडला तर धुताना थर सरकतात. दोघी समोरासमोर बसल्या तर दोघींच्या हातांची ओढ सारखी लागते. जाणत्या बाईला गोधडीवर नुसती नजर टाकून कळतं की कुठे एकीने सुई ठेवली आणि दुसरीने उचलली.

कडेला रंगीत त्रिकोण, मध्ये चोळीच्या खणाचा चौकोन, हे ज्याच्या-त्याच्या हौसेवर. शहरातल्या प्रदर्शनांत नेमकं हेच पाहिलं जातं. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केलं. बंगालचा कांथा, सिंधची रल्ली, जपानचं बोरो यांच्या पंगतीत आपली गोधडीही आता मांडली जाते. चांगलंच आहे. पण म्हणून ती मुळात कलाकृती होती असं मी म्हणणार नाही. विकतची रजई परवडत नव्हती म्हणून ती शिवली गेली, आणि शिवताना बाईचं मन रमलं म्हणून ती देखणी झाली. क्रम असाच आहे.

थंडीच्या लाटेत पाच-सहा अंशांवर उतरणारा धुळ्याचा पारा आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस ओलांडणारं जळगाव-भुसावळ, असं हे हवामान. हिवाळ्यात गोधडीच्या थरांत अडकलेली हवा ऊब धरते, आणि तिचं वजनही अंगावर बरं वाटतं. उन्हाळ्यात तीच गोधडी धाब्यावर खाली अंथरायची; सुती असल्यामुळे घाम पिते. भाद्रपद सरता सरता, घट बसायच्या आधी, घरातल्या सगळ्या गोधड्या पांझरेवर, गिरणेवर धुवायला निघत. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही, दोघींनी दोन टोकं धरून पिळावी लागते. आता नदीला पाणी असेल याचा नेम नाही, आणि घरच्या वॉशिंग मशीनला जाडजूड गोधडी झेपत नाही. गोधडी मागे पडली त्याचं कारण शोधताना लोक आधुनिकतेवर बोलतात. धुण्याच्या पाण्यावर फारसं कुणी बोलत नाही.

दुसरं कारण कापडाचं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आधी टेरिकॉट आलं, मग पॉलिस्टरच्या साड्या. गिरण्या बंद पडल्या. कापूस अजूनही डोळे भरून पिकतो, पण पिकवणाऱ्याच्या अंगावर बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं. अशा साड्यांचीही गोधडी होते. रंग जात नाही, वाळते लवकर, आणि धुणाऱ्या बाईच्या लेखी हा गुण लहान नव्हे. पण थर एकमेकांवरून निसटतात, घाम शोषला जात नाही, आणि चुलीची ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटतं. मुख्य म्हणजे पॉलिस्टर विरतच नाही. सूत झिजून जे मऊपण येतं ते त्याला कितीही नेसलं तरी येत नाही.

हातगाडीवर शिलाई मशीन ठेवून गल्लोगल्ली फिरणारे कारागीर आता तास-दोन तासांत गोधडी शिवून देतात. घाईच्या घरांना तो मोठाच आधार. मशीनची शिवण सरळ येते, पण घट्टही येते. गोधडी सपाट आणि ताठर होते, हाताच्या धावदोऱ्यातली किंचित सैल फुगीर ऊब तीत नसते. बचत गटांच्या गोधड्या प्रदर्शनांत विकल्या जातात त्या पुष्कळदा नव्या कोऱ्या कापडाच्या. गिऱ्हाईकाला जुनं कापड नको असतं. बायकांच्या हाताला काम आणि चार पैसे मिळतात, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. फक्त अशा गोधडीला मऊ व्हायला घेणाऱ्याच्या घरी बरीच वर्षं काढावी लागतील.

हाताची जुनी गोधडी फाटली तरी टाकत नाहीत. तिच्यावर-खाली नवं कापड चढवून पुन्हा टाके घालतात, आणि जुनी गोधडी नवीच्या पोटात जाते. काही घरांतल्या गोधड्या अशा दोन-तीन पिढ्या जाड होत गेल्या आहेत. उसवून पाहिलं तर वर मुलीची साडी, खाली सासूचं लुगडं, त्याच्याही खाली कुणाच्या तरी धोतराचा पिवळा पडलेला काठ.

जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण हा गोधडीचा जुना शत्रू. धुळ्याच्या नंबरांच्या गल्ल्यांत तिची हाक ऐकू आली की पूर्वी गाठोडंच्या गाठोडं बाहेर यायचं आणि एखादं पातेलं घरात जायचं. आता ज्या घरात गोधडी घालणारं कुणी उरलं आहे तिथली बाई आधी गाठोडं निवडते. झगमगीत साड्या, पँटी बोहारणीला. सुती पातळ, पंचा, धुऊन पातळ झालेली चादर मागे. ‘एवढ्यावर डबा नाही येत, ताई,’ म्हणत बोहारीण नेमकं त्या मागे ठेवलेल्या पातळाकडे बोट दाखवते. ताई ते मांडीखाली सरकवते आणि एक जास्तीची पँट पुढे करते.