दिवे बदलले, बंबाचे काय?

एकेकाळी पहाटे मागच्या अंगणात तांब्याचा बंब पेटत असे. घरात माणसे किती, आंघोळी किती, हे पाहून त्यात ढलप्या आणि गोवऱ्या पडत. पाणी तापले की आजीची हाक येई, "आटपा रे, पाणी निवतंय!" आणि एकामागून एक आंघोळी उरकत. जळण डोळ्यांदेखत संपत असे, म्हणून ते जपून वापरले जाई.

आज जळण तारेतून येते. ते संपताना दिसत नाही; दिसते ते महिन्याचे बिल. मग आपण मुलांवर ओरडतो, "आधी दिवे बंद करा!" सवय चांगलीच, पण ती ६० वॅटच्या बल्बच्या काळातली आहे. त्या बल्बची तार तापून उजळे आणि दहातला नऊ वाटे वीज नुसत्या उष्णतेत जाई. तेवढ्याच उजेडासाठी आता ८-९ वॅटचा एलईडी पुरतो. निळा एलईडी घडवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून हे दिवे आपल्याकडे स्वस्तात मिळाले. दिव्यांचा प्रश्न बराचसा सुटला.

उरला तो बंब, म्हणजे आजचा गीझर. थोडा हिशेब करून पाहू. १५ लिटर पाण्याची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायची तर साधारण पाव युनिट वीज लागते. तेवढ्या विजेत ९ वॅटचा दिवा अख्खा दिवस आणि वर काही तास चालेल! चौघांच्या आंघोळींना रोज एक युनिट, म्हणजे महिन्याला तीस. उलट असे चार दिवे रोज पाच तास लावले, तरी महिन्याचा खर्च साडेपाच युनिटांच्या आतच राहतो.

"गीझर आपोआप बंद होतो, मग बटण चालू राहिले म्हणून काय बिघडले?" हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. थर्मोस्टॅट वीज तोडतो, हे खरे. पण टाकीतले पाणी हळूहळू निवते आणि निवले की तोच थर्मोस्टॅट वीज पुन्हा जोडतो. दिवसभर हेच चालते. पाणी जितके कढत, तितकी ही गळती जास्त.

उपाय खर्चाचे नाहीत. २००० वॅटचा १५ लिटरचा गीझर २५ अंशांचे पाणी सुमारे वीस मिनिटांत ६० अंशांवर नेतो. आंघोळीआधी तेवढाच वेळ तो लावावा, आंघोळी लागोपाठ उरकाव्यात आणि बटण बंद करावे. कोमट पाणी मात्र दिवसच्या दिवस टाकीत साठवू नये. त्यात जंतू वाढू शकतात. नवा गीझर घेताना त्यावरचे तारे पाहावेत. टाकी उष्णता किती धरून ठेवते, हेच ते सांगतात.

यात पैशांचाही मुद्दा आहे. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १०० युनिटांनंतर दर चढतो, ३०० नंतर आणखी चढतो. म्हणजे वाचलेले युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातले असते.

बंब परत आणा, असे कोणी म्हणणार नाही. तो धूर आणि तो खोकला आता नको. पण त्या घरात आंघोळीला वेळ होती आणि जळणाला माप होते. गीझरच्या बटणावर हात ठेवताना एवढे आठवले तरी पुरे.