हळद, हमीभाव आणि बेचाळीस किलोमीटर

परदेशातून परत आलं की घरचे लग्नाच्या मागे लागतात. माझं लग्न तर ठरलेलंच होतं. लोचा एवढाच, की त्याच सीझनला मॅरेथॉनही ठरली होती!

लग्नाचा आणि मॅरेथॉनचा सीझन एकच असतो, हे कधी तुमच्या लक्षात आलंय? मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. ती आता जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. फुल मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, आणि तिची तयारी सोळा ते अठरा आठवड्यांची. सप्टेंबरात सुरुवात करायची, दिवाळीत फराळाच्या बरोबरीनं किलोमीटर वाढवायचे, आणि सगळ्यात लांबचे रन पडतात नोव्हेंबर-डिसेंबरात. इकडे तुळशीचं लग्न लागलं रे लागलं की मंडपवाला, बँडवाला, आचारी, मेंदीवाली, सगळे बुक! दोन्हीकडे तारखेला महत्त्व, दोन्हीकडे पायांचे हाल, आणि दोन्हीकडे शेवटच्या पंधरा दिवसांत प्रत्येक जण सल्ले देतो.

मी डब्लिनला तीन वर्षं नोकरी केली. धावायला तिथेच लागले, फिनिक्स पार्कमध्ये. सातशे हेक्टरचं ते पार्क, शहराच्या कुशीत, आणि आत चक्क हरणं! कोण धावतंय, कशाला धावतंय, कोणी मान वळवून बघत नाही. २०२५ च्या जुलैत परत आले. कंपनीचं ऑफिस पुण्यात, पण लग्न होईपर्यंत घरून काम करायची परवानगी मिळाली. घर म्हणजे धरणगाव. बालकवी इथेच जन्मले, १८९० साली, एवढी ओळख मराठीच्या पुस्तकामुळे बाहेरच्यांना असते. बाकी आमचं गाव कापसाचं, जिनिंगचं आणि मे महिन्यात बाहेर पडू नये अशा उन्हाचं.

आल्या आल्या श्रावण. आमच्या खान्देशात कानबाई बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. तिचे रोट घरच्यांनीच खाऊन संपवायचे असतात. ‘तयारीच्या आधीचं कार्बोलोडिंग’ म्हणून मी ते मनापासून संपवले. त्यानंतर दोन्हीकडची मंडळी तारीख काढायला बसली आणि खरा खेळ सुरू झाला.

होणाऱ्या सासरकडचे अमळनेरचे. त्यांचं म्हणणं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरकून टाकू. कारण नंतर पंचाईत होती. डिसेंबरच्या मध्याला शुक्राचा अस्त, त्यात लग्नं नाहीत. पौष कोरडाच. शुक्र उगवणार थेट फेब्रुवारीत. शिवाय २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून, म्हणजे उन्हाळ्याच्या सुटीतला तो महिनाही गेला. आणि माझी मॅरेथॉन १८ जानेवारीला. पंचांगात बघितलं तर त्या दिवशी पौष अमावास्या! लग्नाच्या दृष्टीनं त्याहून निरुपयोगी दिवस शोधून सापडला नसता. म्हणजे रेसची तारीख अगदी सेफ. अडचण होती ती आधीच्या सहा आठवड्यांची. डिसेंबरात लग्न म्हणजे हळद, देवदर्शन, गोंधळ, पाहुणे, पाचपरतावण... आणि नेमक्या त्याच दिवसांत तीस किलोमीटरचे रन.

चहाचे कप यायच्या आत मी बोलले. म्हटलं, मला जानेवारीत मुंबईला पळायचंय, फेब्रुवारीतली तारीख बघाल का? बैठकीत एकदम शांतता. मुलगी तारखेबद्दल बोलते हेच आधी जरा जड, आणि कारण काय तर पळायचंय! काकूनं डोळे मोठे केले. होणाऱ्या नवरोबांनी पायाच्या अंगठ्याकडे बघायला सुरुवात केली. (त्याला आधी सांगून ठेवलं होतं, तरी.)

आणि पप्पा म्हणाले, ‘‘फेब्रुवारीच बरी. तोवर कापूस विकला जाईल.’’

बस्स. सगळ्यांच्या माना हलल्या. शेती असलेल्या घरात याच्यापुढे मुहूर्तही बोलत नाही. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, व्यापारी त्याच्या खाली मागत होते, त्यामुळे ज्याला थांबता येत होतं तो थांबत होता. हातात पैसा आल्याशिवाय मंडप कसला? तारीख फेब्रुवारीची निघाली. श्रेय कापसाचं, मला मान्य आहे. पण मी बोलले होते, आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. पुढच्या पाच महिन्यांत त्याचा मला फार उपयोग झाला. ‘पोरगी गुपचूप पळते’ असं कोणाला म्हणता आलं नाही.

पहाटेची गँग

आता प्रॅक्टिकल गोष्ट. छोट्या गावात लग्न ठरलेली मुलगी पहाटे साडेपाचला एकटी रस्त्यावर पळते, तेव्हा काय होतं? पहिल्या आठवड्यात शेतात निघालेल्या एक आजी मला थांबवून म्हणाल्या, ‘‘काबरं पयी ऱ्हायनी वं माय? मांगे कोनी लागेल शे का?’’ कुत्री मात्र खरोखरच मागे लागायची. थंडीत धुकं, त्यात कापूस भरलेल्या गाड्या, हेडलाइट एकच चालू. चमकणारं जॅकेट घ्या, कानात इअरफोन घालू नका आणि समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूनं पळा. एवढं मी कोणत्याही नव्या रनरला बजावून सांगेन. आई पहिले पंधरा दिवस स्कूटी घेऊन मागे यायची. सोळाव्या दिवशी म्हणाली, तू फार हळू जातेस, मला झोप येते!

आईची ड्युटी सुटली त्याला आणखी एक कारण होतं. त्या रस्त्यावर मी एकटी नव्हतेच. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी रोज पहाटे यायची. आपण शहरात ‘रनिंग कल्चर’ म्हणून ज्याचं कौतुक करतो, ते खान्देशात कधीचंच आहे, फक्त त्याला टी-शर्ट आणि मेडल नाही. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. मैदानी चाचणीच्या पन्नास गुणांपैकी वीस या एका धावेचे. एकेका सेकंदासाठी या पोरी जीव काढतात. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर.

त्यातली एक, वीस-एकवीस वर्षांची, माझ्याबरोबर वॉर्म-अप करायला लागली. तिनं विचारलं, ‘‘ताई, बेचाळीस किलोमीटर पळून काय मिळतं?’’

म्हटलं, मेडल.

‘‘आणि नोकरी?’’

नाही गं. उलट आपणच एन्ट्री फी भरायची.

ती इतकी हसली की तिचा पूर्ण राउंड चुकला. मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, भरती झाली तर घरचे लग्नाचं दोन वर्षं तरी बोलणार नाहीत. नाही झाली तर उन्हाळ्यातच बघायला येणार आहेत.

मी माझ्या लग्नाची तारीख दोन महिने इकडेतिकडे सरकवली, आणि त्याचं मला केवढं वाटत होतं! ही पोरगी तेच आठशे मीटरमध्ये करू बघत होती. तिला मी काय शिकवणार? उलट तिनंच मला दर मंगळवारी चारशेचे फास्ट राउंड मारायला लावले. डब्लिनमध्ये एवढं कडक इंटरव्हल ट्रेनिंग मी कधी केलं नव्हतं.

‘लग्नानंतर काय?’ हा प्रश्न मात्र आम्हा दोघींना सारखाच विचारला जायचा. त्यावर माझ्याकडे एक ठेवणीतलं उत्तर होतं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरचं ब्राँझ जिंकलेली. ती २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली ती लग्न झाल्यावर! आजीकडे तिचं स्वतःचं उदाहरण होतं, बारामतीच्या लता करे. नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेली ती बाई नऊवारीत, अनवाणी पळाली आणि जिंकली. तिच्यावर २०२० मध्ये सिनेमाही आला. आजीला मॅरेथॉन म्हणजे तेवढंच माहीत. त्यामुळे तिचा प्रश्न फार साधा होता : ‘‘पण तुला पैसे कशाला हवेत?’’

बट्टी, केळी आणि हिमोग्लोबिन

डाएटवर जास्त बोलत नाही, कारण जळगाव जिल्ह्यात रनरला उपाशी राहणं शक्यच नाही. इथल्या केळ्याला २०१६ मध्ये जीआय मिळालं, भरिताच्या वांग्यालाही. तिकडे मी एका एनर्जी जेलला दोन युरो मोजायचे. एका मध्यम केळ्यात साधारण तेवढीच कर्बोदकं असतात आणि त्याला केळ्याची चव असते! लाँग रनच्या आदल्या रात्री वरण-बट्टी. गव्हाची बट्टी, उकडून, कापून, तुपात तळलेली. तूप जरा हात राखून घ्यायचं, बाकी इटलीच्या पास्त्याला नावं न ठेवता सांगते, बट्टीच भारी.

एक गोष्ट मात्र सिरियसली घ्या. रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या आपल्याकडच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असताना मायलेज वाढवलं तर दम लागतो, आणि आपल्याला वाटतं स्टॅमिना नाही. माझं ११.२ निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गोळीच्या आगेमागे चहा बंद केला. लग्नघरात चहा बंद! पाळायला ते बत्तीस किलोमीटरपेक्षा कठीण गेलं. नवरात्रातले नऊ दिवसांचे कडक उपवासही त्या वर्षी मी केले नाहीत. आजीला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, तिनं माझ्या वाटचे केले.

चढाच्या प्रॅक्टिससाठी आमच्याकडे पद्मालय. एरंडोलच्या पुढे डोंगरावर गणपतीचं देऊळ आहे, समोर कमळांचं तळं. घरापासून वीस किलोमीटरच्या वर. लग्नाची पहिली पत्रिका गणपतीला द्यायची असतेच. डिसेंबरातल्या एका रविवारी ती पोचवायची ठरली. घरचे गाडीतून, मी पायी. भाऊ मोटारसायकलवर पाणी आणि केळी घेऊन बरोबर. पत्रिका त्याच्या पिशवीत होती. माझ्या हातात दिली असती तर घामानं नावं पुसली असती. एरंडोल म्हणजे भीम-बकासुराच्या गोष्टीतली एकचक्रानगरी, असं मानतात. पंचविसाव्या किलोमीटरला मला बकासुराची भूक म्हणजे काय ते नीट समजलं! येताना मात्र गाडीतून आले, काकूच्या शेजारी. काकूनं नाक दाबलं, पण तिचा डबा पुढे केला.

काकूचा मुख्य आक्षेप होता रंगावर. ‘नवरी आणि काळी पडली’ वगैरे. पार्लरवाल्या ताईंनीही तेच ऐकवून महागातलं पॅकेज पुढे केलं. मी सनस्क्रीन घेतलं आणि पॅकेज सोडलं. ब्लाउजची खरी पंचाईत झाली. ऑक्टोबरमधलं माप जानेवारीत बदललं, कमरेत सैल आणि खांद्यात घट्ट. आमचे टेलरकाका शांत. म्हणाले, ‘‘टेन्शन नको, आत माया ठेवलीय.’’

जोडवी घ्यायला सराफाकडे गेलो तेव्हा मात्र मीही गडबडले. लांब पळणाऱ्यांची पायाची नखं काळी होतात, बुटाच्या टोकाला घासून. माझी दोन झाली होती, आणि त्यातलं एक नेमकं जोडवीच्या बोटाचं. सासूबाईही आल्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं. मला वाटलं, आता बोलणार. त्या म्हणाल्या, ‘‘दुखतं का?’’ म्हटलं, नाही. ‘‘मग एक नंबर मोठं बघू.’’

मुंबईबद्दल थोडक्यात सांगते. चार तास सत्तेचाळीस मिनिटं. डब्लिनपेक्षा नऊ मिनिटं जास्त. आपल्या समुद्राकाठच्या दमट हवेत, थंडीत तयारी केलेल्या खान्देशी माणसानं यापेक्षा वेगळी अपेक्षा ठेवू नये. बत्तिसाव्या किलोमीटरनंतर पाय सिमेंटचे झाले, पण चालले नाही, पळतच आले. आई-पप्पा फिनिशजवळ गर्दीत उभे होते. पप्पांचा पहिला प्रश्न : ‘‘तुझ्या पुढे किती होते?’’

नंतरचे चार आठवडे रिकव्हरीचे, म्हणजे लग्नाचे. हळद लागल्यावर उंबऱ्याबाहेर जायचं नाही, यावर वाद घालायची मला गरजच पडली नाही. घरात पडून राहणं हाच त्या आठवड्यांचा प्लॅन होता. हिरवा चुडा भरला तेव्हा कासारीण म्हणाली, हात सडपातळ आहेत, बांगड्या पटकन जातात.

लग्नाच्या दिवशी रुखवत बघायला गेले. करंज्या, लाडू, लोकरीचा ससा, मण्यांचं तोरण, आणि मधोमध लाल कापडावर माझी दोन मेडल्स, डब्लिन आणि मुंबई. काकूनं मांडली होती. सासरकडच्या एका मावशींनी विचारलं, ही घरी केलीत की विकतची? काकू म्हणाली, घरचीच.

भरतीवाल्या पोरीची मैदानी चाचणी अजून व्हायची आहे. रोजचं टायमिंग मला पुण्याला मेसेज करते. आठशेत आता चार सेकंद कमी करायचे राहिलेत.

आणि जोडवी? लांबच्या रनला मी ती काढून ठेवते, घरी आल्यावर घालते. यावर सासूबाईंशी बोलणी चालू आहेत. सध्या दहा किलोमीटरच्या वर काढायला हरकत नाही, इथपर्यंत आलोय.