मातीची आरंभीची शिल्लक

जमाखर्चाच्या वहीत आरंभीची शिल्लकच नोंदलेली नसेल, तर पुढचे आकडे कितीही काटेकोर असोत, त्यांवरून ना अफरातफर सिद्ध होते, ना प्रामाणिकपणा. जालना जिल्ह्यातील जमिनीच्या प्रदूषणाचा विचार करू लागले, की नेमकी हीच अडचण उभी राहते.

‘जालना सोने का पालना’ अशी ख्याती असलेल्या आणि १ मे १९८१ रोजी जिल्ह्याचे ठिकाण झालेल्या या शहराने बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांत देशभर नाव कमावले आहे. पहिला उद्योग मातीच्या भरवशावर चालतो. दुसऱ्याच्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि निसटलेली धूळ अखेर मातीवरच येऊन बसते. उद्या भट्टीजवळच्या शेतकऱ्याने आपली माती तपासून घेतली आणि तीत निकेल वा क्रोमियम आढळले, तर ते कोणाचे मानायचे? शेतकरी म्हणेल भट्टीचे, कारखानदार म्हणेल निसर्गाचे. आणि मूळ नोंदीवाचून दोघांपैकी कोणालाही खोटे ठरवता येणार नाही.

याचे कारण आपल्या पायाखालीच आहे. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसापासून दख्खनचा काळा पाषाण बनला आणि तो झिजून आपली काळी माती झाली. असा पाषाण काही लेश धातूंच्या, म्हणजे अत्यल्प प्रमाणात आढळणाऱ्या धातूंच्या, बाबतीत जात्याच श्रीमंत असतो. टुरेकियन आणि वेडेपोल या शास्त्रज्ञांनी १९६१ साली जगभरच्या खडकांची सरासरी मांडली. तीनुसार बेसाल्टमध्ये दर दशलक्ष भागांत निकेल १३०, क्रोमियम १७० आणि तांबे ८७ भाग असते. कमी चुन्याच्या ग्रॅनाइटमध्ये हेच आकडे अनुक्रमे ४.५, ४.१ आणि १० एवढे खाली येतात. शिशाचे मात्र उलट आहे: बेसाल्टमध्ये अवघे ६, तर ग्रॅनाइटमध्ये १९.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, परक्या फूटपट्ट्या येथे जशाच्या तशा चालणार नाहीत. युरोपीय समुदायाने १९८६ साली सांडपाण्याचा गाळ शेतात टाकण्याविषयी निर्देश काढला, तेव्हा जमिनीतील निकेलची मर्यादा ३० ते ७५ भाग अशी ठेवली. ती येथे लावली, तर धूर कधी न पाहिलेले शेतही दूषित ठरू शकेल. दुसरी, आपल्या मातीत शिसे अधिक सापडले, तर ते पाषाणाच्या माथी मारणे कठीण आहे. निकेलची साक्ष संदिग्ध. शिशाची बरीच स्पष्ट.

शेतकऱ्याच्या हाती असलेली मृदा आरोग्य पत्रिका या कामी पुरेशी नाही. २०१५ साली सुरू झालेल्या त्या योजनेत जस्त, लोह, तांबे, मंगल यांची मोजणी होते. पण ती पिकाला घेता येईल एवढ्याच अंशाची. जमिनीत एकूण जस्त भरपूर असूनही चुनखडीमुळे ते पिकाला मिळू नये, हा काळ्या मातीतला नेहमीचा अनुभव आहे. शिसे, निकेल, क्रोमियम यांना तर त्या पत्रिकेत रकानाच नाही.

मूळ पातळी ठरवायची कशी? भोकरदन-जाफराबादकडील डोंगरउताराची मुरमाड जमीन आणि अंबड, घनसावंगी, परतूरकडे गोदावरीच्या खोऱ्यातली भारी जमीन यांना एक आकडा लावून भागणार नाही. प्रत्येक प्रकाराचे नमुने भट्ट्या, रस्ते आणि वस्त्या यांपासून दूर घ्यावे लागतील. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची माती भेगांतून खाली जाते. म्हणून केवळ हातभर खणून न थांबता मुरमापर्यंत जावे लागेल. अखेर हाती यावा तो एकच आकडा नव्हे, तर मध्यक आणि त्याभोवतीचा स्वाभाविक पल्ला.

हे काम आवाक्याबाहेरचे नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ, बदनापूरचे संशोधन केंद्र, खरपुडीचे कृषि विज्ञान केंद्र आणि जिल्ह्यातील महाविद्यालये यांनी ते वाटून घ्यावे. नमुने गोळा करताना विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेबाहेरचा धडाही मिळेल.

केंद्र सरकारने २०२५ साली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले असून शुद्धीकरणाचा खर्च जबाबदार व्यक्तीवर टाकला आहे. परंतु जबाबदारी ठरवायची तर निसर्गाचा वाटा आधी वजा करावा लागतो. तो माहीत नसेल, तर दोषी पाषाणाआड दडेल आणि निर्दोष कारखानदार व त्याचे कामगार विनाकारण भरडले जातील. शेतकऱ्याला न्याय मिळावा असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी मातीची ही आरंभीची शिल्लक लिहून ठेवण्याचा आग्रह धरला पाहिजे; कारण धुळीचा दरवर्षी एकेक थर वर चढतो आहे आणि ‘मूळ’ म्हणता येईल अशी जागा तेवढीच आक्रसत चालली आहे.