पुण्याच्या वसतिगृहात राहायला जाताना

बारावीचा निकाल लागला, प्रवेशाच्या याद्या लागल्या, की आपल्या गावच्या एस.टी. स्टँडवर पुण्याच्या गाडीला गर्दी होते. बरोबर गादीची वळकटी, लोणच्याची बरणी, फराळाचा डबा आणि निरोप द्यायला आलेले सगळे घर. फी किती, कॉट कितीला, मेस कशी, ही सारी चौकशी आपण आधीच केलेली असते. मात्र मूल तिथे आजारी पडले किंवा खचले, तर ते कोणाकडे जाईल, हे सहसा कोणी विचारत नाही.

दिवाळीच्या सुटीत ही मुले माझ्या दवाखान्यात येतात. तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात : पित्त, अंगाला खाज, मुलींना थकवा, झोप न लागणे. त्रास जुलै-ऑगस्टमध्येच सुरू झालेला असतो. "मग इतके दिवस दाखवले का नाही?" असे विचारले, की उत्तर मिळते, "डॉक्टर, तिथे कोणाला सांगायचे तेच कळले नाही." रोग साधा असतो, उशिरामुळे तो अवघड होतो. म्हणून आजचा लेख पुण्याला निघालेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी.

पोट आणि पाणी

सकाळचे लेक्चर चुकू नये म्हणून नाश्ता बुडवायचा, अकरा वाजता वडापाव आणि चहा घ्यायचा, आणि रात्री मेस बंद झाल्यावर बिस्किटांवर भागवायचे, असा क्रम महिनाभर चालला तर पित्त होणारच. खोलीत शेंगदाणे, गूळ, फुटाणे, केळी ठेवा. भूक लागली की चहाऐवजी ते खा. मुलींमध्ये रक्त कमी असणे फार आढळते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातले लोह अंगी कमी लागते, लिंबू पिळल्यास जास्त लागते, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ उपयोग होतो.

पाण्याची हयगय करू नका. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ बारे सिंड्रोम या आजाराची साथ आली. हातापायांतली शक्ती जाणारा हा आजार. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, आणि तपासात दूषित पाण्याचा संबंध पुढे आला. पाणी चांगले खळखळून उकळू द्या, किंवा फिल्टर वेळेवर साफ होतो की नाही हे रेक्टरना विचारा. असे विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

खाज आणि ताप

एका खोलीत तिघे-चौघे राहिले की खरूज आणि गजकर्ण यांचा प्रसार सहज होतो. टॉवेल, चादर, अंतर्वस्त्रे दुसऱ्याची वापरू नयेत. दुकानातून मित्राने सुचवलेली ट्यूब आणून लावू नये. अशा अनेक ट्यूबांत स्टेरॉइड असते. त्याने चार दिवस खाज थांबते आणि नंतर गजकर्ण दुप्पट पसरते. खरूज असेल तर खोलीतल्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत, नाहीतर ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते.

पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यूची शंका मनात ठेवावी. हा डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. बादल्या, कूलर आठवड्यातून एकदा कोरडे करा. तापाला पॅरासिटामॉल चालते, अंगदुखीच्या इतर गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव होण्याची भीती असते. ताप दोन दिवसांवर गेला की डॉक्टर गाठा.

मनाची दुखणी

गावात पहिला आलेला मुलगा पुण्याच्या वर्गात चाळिसावा येतो. शिकवणे इंग्रजीतून, बोलीला हसणारी मुले, खिशात मोजके पैसे. पहिले काही आठवडे घरची आठवण येणे, रडू येणे हे स्वाभाविक आहे. परंतु उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, झोप उडाली, आंघोळ-जेवण टाळले जाऊ लागले, घरचा फोन घेणे बंद झाले, तर त्याला 'आळस' म्हणू नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

खोलीतला मित्र जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलत असेल, तर त्याला सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असे विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात येत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका आणि रेक्टरना त्याच वेळी सांगा.

मदत मागणे ही पुण्याची जुनी रीत

अनेक मुलांना मदत मागण्याची लाज वाटते. त्यांनी थोडा इतिहास आठवावा. एके काळी पुण्यात गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत, म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले, तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. तिकडे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. खेड्यातल्या होतकरू मुलामुलींना कमी खर्चात राहण्या-जेवण्याची सोय आणि त्याबरोबर श्रमाची सवय, हे तिचे काम आजही चालू आहे. किती पिढ्या अशा आधारावर शिकल्या! त्यात कमीपणा कोणाला वाटला नाही.

कोठे काय मिळते?

पैशांची अडचण : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना आहे. महाविद्यालयात काही तास काम करून मोबदला मिळतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, तर अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. दोन्ही २०१६-१७ पासूनच्या. अर्जाच्या मुदती महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारा, त्या चुकल्या की वर्ष जाते.

मनाचा त्रास : केंद्र शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक ठेवावा, असा आदेश दिला. तेव्हा "आपले समुपदेशक कोण?" हे निःसंकोच विचारा. ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. व्यसन जडले असेल तर १९८६ पासून काम करणारे मुक्तांगण आहे. उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिला आहे.

रॅगिंग : महाराष्ट्रात १९९९ पासून हा गुन्हा आहे. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. संस्थेत दाद लागली नाही तर १८००-१८०-५५२२ हा देशव्यापी क्रमांक आहे.

पहिल्या आठवड्यात एवढे करा

१. रेक्टर, समुपदेशक, जवळचा दवाखाना आणि रात्री उघडे असणारे रुग्णालय यांचे क्रमांक कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा. मोबाइल बंद पडला तरी कागद राहतो.

२. आपला रक्तगट आणि एखाद्या औषधाची ॲलर्जी असल्यास ती खोलीतल्या सोबत्याला सांगून ठेवा.

३. झोपेची वेळ ठरवा. सहा-सात तास झोप झाली तर वाचलेले डोक्यात राहते.

४. रोज अर्धा तास चाला किंवा खेळा. त्याने झोपही येते आणि ओळखीही होतात.

पालकांना एक विनंती. फोनवर पहिला प्रश्न 'किती मार्क पडले' हा नसावा. 'जेवलास का, झोप लागते का, बरोबर कोण असते?' हे विचारा आणि उत्तर पुरते ऐकून घ्या. "इथे जमत नाही" असे मूल म्हणाले, तर लगेच रागावू नका. एस.टी. पकडून एकदा जाऊन या.

आणि निघण्यापूर्वी मुलाला एकदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. रक्त तपासून घ्या, धनुर्वाताची लस राहिली असेल तर घ्या, चालू औषधांची चिठ्ठी बरोबर द्या. लोणच्याच्या बरणीशेजारी ती सहज मावते.