मौलानांना पगार कशाला?

सवाबासाठी, म्हणजे पुण्यासाठी शिकवतात, त्यांना पगाराची काय पडलीय! मदरशातल्या शिक्षकाविषयी हा समज बाहेरच्यांचा आहे, तसाच काही मदरसा कमिट्यांचाही. धर्मशास्त्र मात्र एवढं भाबडं नाही. कुराण शिकवण्याचा मोबदला घेऊ नये, असं हनफी या इस्लामी विचारपरंपरेतल्या जुन्या विद्वानांचं मत होतं. नंतरच्यांनी ते बदललं, कारण पोटाची सोय नसेल तर शिकवणारा टिकत नाही, हे त्यांना दिसत होतं.

मग रमजानमध्ये जमणारी जकात, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेलं दान, कुठे जाते? हनफी मतानुसार जकात गरजूच्याच मालकीची व्हायला हवी. कामाचा मोबदला म्हणून ती देता येत नाही. तिच्यातून मुलांचं जेवण आणि कपडे भागतात. उस्तादांचा पगार उरतो ऐच्छिक देणग्यांवर. त्या गोळा करायलाही अनेकदा उस्तादच पावतीपुस्तक घेऊन फिरतात.

मुस्लिम मुलं मदरशातच शिकतात, हाही असाच एक पक्का गैरसमज. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी शंभरातली तीन-चारच मदरशात जातात. उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या आसपास, काय किंवा अंबरनाथ-बदलापुरात काय, मक्तब म्हणजे शाळेआधीचा किंवा शाळेनंतरचा तास-दीड तास. अशा वर्गात एकाच खोलीत कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, वाचणारं सहा वर्षांचं पोर असतं आणि बारा वर्षांचा मुलगाही. प्रत्येकाचा सबक, म्हणजे धडा, वेगळा ऐकायचा. शिकवणारा बऱ्याचदा मशिदीतली इमामतही सांभाळतो, वर घरोघरच्या शिकवण्या. त्याला आळशी म्हणणाऱ्याने आधी हा दिवस मोजावा.

‘सरकार देतंच की’ हे अर्धसत्य आहे. महाराष्ट्र राज्याची डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना २०१३ ची. तिचं मानधन गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी असे विषय शिकवणाऱ्यांसाठी आहे, दीनी तालीम, म्हणजे धार्मिक शिक्षण, देणाऱ्यांसाठी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ते डी.एड. शिक्षकांसाठी ६,००० वरून १६,००० आणि बी.एड. शिक्षकांसाठी ८,००० वरून १८,००० रुपये केलं. एका छताखाली दोन हिशेब! शिवाय आकड्याइतकीच पैसे हातात पडण्याची तारीखही महत्त्वाची. केंद्राच्या अशाच योजनेत उत्तर प्रदेशातल्या शिक्षकांचं मानधन वर्षानुवर्षे थकलं आणि २०२२ मध्ये ती योजनाच संपली.

पण पगार वाढला की शिकवणं आपोआप सुधारतं, हेही खरं नाही. इंडोनेशियात सरकारी शाळांतल्या शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट केला, त्याचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षक समाधानी झाले, जोडधंदे कमी झाले. मुलांचे गुण मात्र तिथेच राहिले. मला यात मक्तबांसाठी थेट सूचना दिसते. आलिमचा अभ्यासक्रम फिकह, हदीस, अरबी व्याकरण शिकवतो. पण वेगवेगळ्या वयाची मुलं एका वर्गात कशी सांभाळायची, हे उस्ताद बहुतेक वेळा आपल्या उस्तादांना पाहूनच शिकलेले असतात. पगाराची तारीख कमिटीने पाळलीच पाहिजे, पण वर्गाची विभागणी आणि थोडं प्रशिक्षण हेही तिचंच काम आहे.