शाळा, बाजार आणि मोहल्ला : भागीदारी लिहून ठेवा

दरवर्षी निकाल लागला, की आपल्या वस्त्यांतील शाळांमध्ये गुणगौरव समारंभ होतात. बाजारपेठेतील चार प्रतिष्ठित व्यापाऱ्यांना मंचावर बसविले जाते. त्यांच्या हस्ते वह्या, दप्तरे, बक्षिसे वाटली जातात, आभार मानले जातात आणि मंडळी घरी जातात. पुढच्या समारंभापर्यंत व्यापाऱ्याचा शाळेशी आणि शाळेचा व्यापाऱ्याशी काही संबंध राहत नाही. दरम्यान आठवीतला एखादा मुलगा शाळेत येईनासा होतो. तो कोठे गेला हे मुख्याध्यापकांना ठाऊक नसते, पण बाजाराला ठाऊक असते. तो गॅरेजमध्ये, बॅगच्या किंवा जरीच्या कारखान्यात, नाही तर लूमवर कांड्या भरायला लागलेला असतो. कधी कधी तर ज्या व्यापाऱ्याने त्याला वही दिली, त्याच्याच शेजारच्या दुकानात तो दिसतो.

व्यापाऱ्याने वही दिली हे चांगलेच केले. परंतु वही देणे ही मदत झाली, भागीदारी नव्हे. भागीदारी म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. कोणाचे भांडवल किती, कोणाची मेहनत किती, हिशेब कधी आणि तोटा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे सर्व आधी ठरते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, अशी ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. दुकानाच्या व्यवहारात आपण हे पाळतो. मुलांच्या शिक्षणाच्या व्यवहारात मात्र सर्व काही तोंडी आणि वर्षातून एकदा, असे का?

जुन्या व्यापाऱ्यांनी काय केले

शिक्षण आणि व्यापार यांची सांगड आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. तेव्हा बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासारख्या कायदेपंडिताबरोबर नाखुदा मुहम्मद अली रोगे हे कोकणी व्यापारी संस्थापकांत होते. जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ कॉलेज १९३० मध्ये सुरू झाले ते जहाज व्यवसायातील सर मोहम्मद युसूफ यांच्या देणगीतून. भायखळ्याची साबू सिद्दीक ही तंत्रशिक्षण संस्था १९३६ पासून चालू आहे. तिच्यामागेही व्यापारी घराण्याचाच पैसा आहे.

या उदाहरणांत लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्या पैशातून कायम चालणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. आज आपल्यापैकी प्रत्येकाला कॉलेज काढता येणार नाही. पण प्रत्येक बाजारपेठेजवळ नगरपालिकेची किंवा अनुदानित एखादी शाळा असतेच. ती कोणी नव्याने बांधायची नाही, तिच्याशी फक्त व्यवहार सुरू करायचा आहे.

त्याहूनही जुना दाखला बद्रच्या लढाईचा आहे. त्या लढाईत पकडलेल्या ज्या कैद्यांकडे खंडणी द्यायला पैसा नव्हता, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेतील दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटून जावे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ठरविले. समाजाला रोख रकमेची गरज असतानाही शिकविण्याची किंमत रोख रकमेच्या बरोबरीची धरली गेली.

गळतीचा तोटा कोणाला

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने दाखवून दिले, की देशातील ६ ते १४ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. त्यानंतर शिक्षण हक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते आठवीची फी हा प्रश्न सरकारी शाळांत उरला नाही. तरी मुले शाळा सोडतात, कारण अडचण केवळ फीची नसते. मुलगा शाळेत बसला तर त्याची संभाव्य मजुरी घरात येत नाही. मुलीच्या बाबतीत सातवी-आठवीनंतरची शाळा लांब असते आणि सोबत कोणी नसते.

मुलगा लवकर कामाला लागला म्हणजे हुन्नर लवकर हाती येतो, असे आपल्यातील अनेक कारखानदार मानतात. यात तथ्य होते, तेव्हा धंदा तोंडी चालत असे. २०१७ मध्ये जीएसटी आला, २०१८ मध्ये ई-वे बिल आले, २०२० पासून लघुउद्योगांची उद्यम नोंदणी सुरू झाली. आज साधा माल परगावी पाठवायचा तर कागद वाचता आला पाहिजे आणि भरता आला पाहिजे. ज्याला तो येत नाही, तो कितीही कसबी असला तरी मधल्या माणसाच्या हाताखालीच राहतो. हात चांगला चालतो, पण हिशेब दुसऱ्याच्या वहीत असतो. शाळा सुटलेल्या मुलाचा तोटा म्हणून शाळेपेक्षा बाजारालाच जास्त आहे.

कायद्याची बाजूही व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावी. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात मदत करण्यास सवलत आहे, पण ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, आणि धोकादायक कामात मुळीच नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांनाही धोकादायक काम बंद आहे. अशा कामांची यादी कायद्याला जोडलेली आहे, ती कामगार कार्यालयातून पाहून घ्यावी. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २० हजार ते ५० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी आहे.

तिघांनी काय आणायचे

आता प्रत्यक्ष करार कसा असावा ते पाहू. भागीदार तीन : शाळा, बाजार आणि मोहल्ला.

शाळेने माहिती आणावी. सलग सात दिवस गैरहजर असलेल्या मुलांची नावे आठवड्यातून एकदा नेमून दिलेल्या माणसाकडे द्यावीत. महिन्याभराने दिलेली यादी उपयोगाची नसते, कारण तोवर मुलगा कामाला रुळलेला असतो आणि घराला त्याच्या पैशाची सवय झालेली असते. हे काम एका शिक्षकावर सोपवावे. शक्य असेल तर संध्याकाळी अभ्यासासाठी एक वर्ग उघडा ठेवावा.

बाजाराने केवळ पैसा आणू नये. पहिली गोष्ट हमीची : आमच्या ओळीतील कोणीही दुकानदार किंवा कारखानदार शाळा सोडलेल्या मुलाला कामावर ठेवणार नाही. एकाने नाकारले आणि दुसऱ्याने ठेवले, तर काही साधत नाही, म्हणून ही हमी संपूर्ण ओळीची हवी. दुसरी गोष्ट सवडीची : पालक असलेल्या कामगाराला शाळेच्या सभेसाठी दोन तासांची रजा मजुरी न कापता द्यावी. तिसरी गोष्ट शिकवणीची : बिलबुक, रोजमेळ, मापे, कापडाचा ताका, लाकडाचा घनफूट हे सर्व गणिताच्या तासाला उपयोगी पडणारे साहित्य आहे. महिन्यातून एकदा एखाद्या जाणत्या व्यापाऱ्याने नववीच्या वर्गात जाऊन खरे बिल फळ्यावर लिहून दाखविले, तर टक्केवारी कशासाठी शिकायची हे मुलांना सांगावे लागणार नाही.

मोहल्ल्याने लक्ष आणावे. कोणत्या घरात वडील आजारी आहेत, कोणाची आई एकटी कमावते, हे मोहल्ल्याला कळते. मस्जिद कमिटी, जमात, महिलांचे बचत गट यांनी गैरहजर मुलाच्या घरी तीन दिवसांच्या आत जाऊन यावे. लांबच्या शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी एक भरवशाची रिक्षा ठरवून द्यावी. अनेक ठिकाणी एवढ्याने मुलीची दहावी पूर्ण होऊ शकते.

या तिघांना एकत्र बसण्यासाठी नवी कमिटी काढण्याची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात. आपल्या कारागिरांना त्यात बसण्याचा हक्क आहे. पण सभा सकाळी अकराला ठेवली, तर लूमवरचा माणूस येणार कसा? मालेगावात कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते, तेथे जुम्याच्या नमाजनंतरची वेळ ठेवावी. प्रत्येक गावाने आपल्या आठवडी सुट्टीप्रमाणे वेळ ठरवावी.

पैशाचा हिशेब

असे समजू, की एका बाजारात ४० दुकाने आहेत आणि प्रत्येकाने महिना २०० रुपये द्यायचे ठरविले. महिन्याला ८ हजार आणि वर्षाला ९६ हजार रुपये जमले. समारंभातील एकरकमी देणगीपेक्षा ही रक्कम अधिक उपयोगी आहे, कारण ती दरमहा येते आणि गरीब घराची अडचणही दरमहाचीच असते. अत्यंत गरजू अशा आठ मुलांच्या घरी महिना हजार रुपये हजेरीच्या अटीवर देता येतील. केंद्र सरकारची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२ मध्ये पहिली ते आठवीसाठी बंद करण्यात आली. त्यामुळे नेमक्या या वर्गांत अशा आधाराची गरज वाढली आहे.

जकातीचा पैसा आणि सर्वसाधारण इमदाद एका डब्यात टाकू नये. जकातीचे हक्कदार ठरलेले आहेत. ती गरजू विद्यार्थ्याच्या हाती जाऊ शकते, पण तिच्यातून शाळेची भिंत रंगविता येईल का, हा प्रश्न वेगळा आहे. याबाबत आपल्या भागातील आलिमांचा सल्ला घ्यावा आणि दोन वेगळी खाती ठेवावीत. रक्कम बँकेतून द्यावी, पावती घ्यावी आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्चाचा कागद शाळेच्या व मस्जिदीच्या फलकावर लावावा. मात्र मदत घेणाऱ्या घरांची नावे फलकावर येऊ देऊ नयेत. आपल्याकडे बरीच चांगली कामे पैशाअभावी नव्हे, तर हिशेबाअभावी बंद पडतात.

दहावीनंतर उस्ताद आणि शागीर्द

उस्तादाच्या हाताखाली शागीर्द तयार करण्याची आपली रीत उत्तम आहे. तिच्यात उणीव एवढीच, की शागिर्दाच्या हाती शेवटी कागद नसतो. जर्मनीने हीच रीत १९६९ च्या कायद्याने शाळेशी जोडली. तेथील शिकाऊ मुलगा आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो. त्याची परीक्षा व्यापारी व कारागिरांची मंडळे घेतात. म्हणजे उस्ताद शिकवितो, शाळा शिकविते आणि बाजार प्रमाणपत्र देतो.

आपल्या देशातही १९६१ पासून शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि ४ ते २९ कामगार असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. उमेदवाराचे वय किमान १४ आणि धोकादायक कामासाठी १८ हवे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १५०० रुपयांपर्यंत, सरकारने उचलण्याची तरतूद करण्यात आली. आपली बहुतेक फॅब्रिकेशनची दुकाने, गॅरेजे, शिवणकामाचे कारखाने ऐच्छिक गटात बसतात, पण नोंदणी फार थोडे करतात. जवळच्या आयटीआयमध्ये याची चौकशी करता येते.

जे आधीच शाळा सोडून बसले आहेत, त्यांच्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्याला तिच्यातून दहावीची परीक्षा देता येते. मालकाने परीक्षेच्या काळात रजा आणि फी एवढे जरी दिले, तरी त्याचा कारागीर दहावी पास होऊ शकतो.

दोन धोके

या भागीदारीत दोन गोष्टींपासून सावध राहावे. पहिली, शाळा ही स्वस्त मजूर पुरविणारे कार्यालय होता कामा नये. मुलांना कारखाना दाखवायला न्यावे, काम करवून घेऊ नये. दहावीनंतर उमेदवारीत काम करवून घेतले, तर विद्यावेतन द्यावेच. दुसरी, विणकराच्या मुलाने विणकरच व्हावे, असा आग्रह धरू नये. तो डॉक्टर, वकील किंवा शिक्षक झाला म्हणजे बाजाराचे भांडवल वाया गेले, असे समजण्याचे कारण नाही. कोणता व्यवसाय घ्यायचा हे मुलाने ठरवावे. तो शिकून ठरवील एवढी व्यवस्था आपण करायची आहे.

सुरुवात लहान असावी. एक शाळा, एक बाजार, एक वर्ष. एका कागदावर पाच ओळी लिहाव्यात : शाळा यादी कोणाला देईल, घरी कोण जाईल, बाजार महिन्याला किती देईल, शाळा सोडलेल्या मुलाला कोणी ठेवणार नाही, आणि हिशेब कोणत्या तारखेला होईल. खाली मुख्याध्यापक, व्यापारी संघटना आणि मस्जिद कमिटी यांच्या सह्या असाव्यात. वर्षाअखेरीस एकच आकडा पाहावा : जूनमध्ये आठवीत किती मुले-मुली होती आणि त्यांतील किती पुढच्या जूनमध्ये नववीत बसली. हा आकडा सुधारला, तर पुढच्या गुणगौरव समारंभात व्यापारी मंचावर पाहुणा म्हणून नव्हे, भागीदार म्हणून बसेल, इन्शाअल्लाह.